कोल्हापूरची रेकॉर्ड दुकानं: शाखा का निघाल्या आणि साखळी कधी सुटली

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात मुख्य दुकान आणि इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी, सांगलीला शाखा, अशी रेकॉर्डच्या दुकानांची साखळी पूर्वी कशी उभी राहिली, ती कोणाच्या जिवावर चालली, आणि एमपीथ्रीनं ती संपवली असं सगळे म्हणतात ते खरं का. मी अशाच एका पेढीत काउंटरवर उभा राहून धंदा शिकलो आणि पुढे शाखांना माल लावून द्यायचं काम माझ्याकडं आलं. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एमपीथ्री आली तोवर साखळीत फारसा जीव उरला नव्हता. ती सुटायला लागली कॅसेटच्या काळात. ज्या वर्षांत सर्वांत जास्त शाखा निघाल्या आणि गल्ला सर्वांत जास्त भरला, नेमक्या त्याच वर्षांत. हे कसं घडलं ते कळायचं तर धंदा पहिल्यापासून बघावा लागेल.

आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झालं. फ्रेड गायस्बर्ग नावाचा कंपनीचा माणूस यंत्रं घेऊन आला होता आणि गौहर जान गायल्या होत्या. तेव्हा गाणं इथं नोंदवायचं, रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या आणि बोटीनं परत आणायच्या, असा प्रकार होता. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदाला छपाईचा कारखाना निघाला, पुढे तो दमदमला गेला, आणि मग माल नियमित मिळू लागला. कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे १८९१ पासूनच होती. लाखेच्या त्या जड आणि ठिसूळ रेकॉर्डी बैलगाडीनं घाट उतरून आल्या असत्या तर किती शिल्लक राहिल्या असत्या याचा विचार केला म्हणजे रेल्वेचं महत्त्व कळतं.

सुरुवातीला नुसत्या रेकॉर्डी विकणारं दुकान कुठंच नव्हतं. फोनो, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, विकायचे ते घड्याळवाले, सायकलवाले, शिवणयंत्रवाले आणि हार्मोनियमवाले. त्याचं कारण साधं आहे. चावीचा फोनो म्हणजे आत गुंडाळलेली पोलादी कमान, दातेरी चाकं आणि वेग आवरणारा गव्हर्नर. कमान तुटली की ती बदलणारा माणूस हाताशी लागायचा, आणि तो घड्याळ किंवा शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याकडंच सापडायचा. आधी यंत्र विकलं जाई, रेकॉर्डी त्याच्या मागून यायच्या. हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही जुन्या जाहिराती किंवा पावत्या शोधायला जाल तेव्हा रेकॉर्डवाला म्हणून शोधलंत तर पहिल्या पिढीतलं कुणीच सापडणार नाही.

कोल्हापुरात गिऱ्हाईक मात्र तयार होतं. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, देवल क्लब या संगीतसंस्थेत गाणं व्हायचं, १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं आणि पुढे त्याला या मातीतल्या केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला आणि चाली बांधणारा माणूस इथला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच स्थापन झाली आणि १९३२ चा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ तिनं कोल्हापुरातच केला, पुण्याला ती नंतर गेली. सुधीर फडके १९१९ साली इथं जन्मले. अशा गावात गाण्याचा कान सराफ कट्ट्यापासून तालमीपर्यंत होता. यातली एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. ज्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर हे गाव पोसलं, त्यांची एकही रेकॉर्ड नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर निघाला. त्यामुळं जुनी जाणकार मंडळी दुकानात यायची ती केसरबाई आणि खाँसाहेबांच्याच दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या रेकॉर्डीत खाँसाहेब शोधायला यायची. तीच रेकॉर्ड काउंटरवर पुन्हा पुन्हा लावायला सांगायची आणि एखाद्या तानेवर एकमेकांकडं बघून मान हलवायची. विक्री त्यातून फार व्हायची नाही. पण दुकानातल्या पोरांचं शिक्षण तिथंच झालं.

आता धंद्याची रीत सांगतो, कारण साखळीचं मूळ तिच्यात आहे.

कंपनीची अधिकृत डीलरशिप मिळायला अनामत ठेवावी लागे. दर महिन्याला नव्या रेकॉर्डींची यादी यायची. त्या यादीवर, बहुतेक वेळा गाणं कानानं न ऐकताच, कोणती रेकॉर्ड किती मागवायची ते ठरवावं लागायचं. माल आला की तो आपला. फुटका निघाला तर तक्रार करता यायची, पण विकला गेला नाही म्हणून परत घ्यायची पद्धत आमच्या वाट्याला तरी कधी आली नाही. एखाद्या रेकॉर्डीच्या दोन डझन जास्त मागवल्या तर त्या आपल्या मांडणीवर वर्षानुवर्षं बसणार. त्यात लाखेची रेकॉर्ड हातातून निसटली की संपली. नफ्याचा मोठा भाग असा पडून राहिलेल्या आणि फुटलेल्या मालात जायचा. रोजचा खर्च निघायचा तो पिनांवर. पोलादी पिन नियमानं एका बाजूला एक वापरायची असते, म्हणून पिनांच्या पत्र्याच्या डब्या सतत खपायच्या. हलका आवाज, मोठा आवाज, फार मोठा आवाज, अशा त्यांच्या जाती असत. गिऱ्हाईक काटकसरीनं एकच पिन आठवडाभर चालवायचं, रेकॉर्डीच्या रेषा खरवडून निघायच्या, आणि मग तीच रेकॉर्ड पुन्हा घ्यायला यायचं.

पडून राहणाऱ्या मालाला उपाय एकच होता. त्याला गाव बदलून द्यायचं. कोल्हापुरात न चाललेली रेकॉर्ड निपाणीत चालते, सांगलीत बसून राहिलेला माल इचलकरंजीत चार दिवसांत उठतो, हे ज्याला कळलं त्यानं शाखा काढल्या. नाव गाजवायला किंवा मोठेपणासाठी कुणी शाखा काढत नव्हतं. कंपनी माल परत घेत नाही, तर आपणच आपल्यात परतीची सोय करू, असा तो हिशोब होता. शाखा म्हणजे तरी काय, दहा-बारा फुटांचं दुकान, एक मांडणी, एक रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड वाजवायचं यंत्र एकत्र) आणि गावातला ऐकणारा एक माणूस. पहाटेच्या एस.टी.नं गोणपाटात बांधलेलं खोकं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं दुसरं यायचं. एस.टी.चा कंडक्टर आमच्या धंद्यातला भागीदारच म्हणा. खोकं आडवं ठेवायचं नाही, वर बोचकं टाकायचं नाही, हे त्याला पढवून ठेवलेलं असायचं.

प्रत्येक गावाचा कान वेगळा. महाद्वार रोडवर अंबाबाईला आलेल्या माणसाला आरत्या, अभंग, जोतिबाची गाणी लागायची. त्याला नवं-जुनं याच्याशी देणंघेणं नसे, घरी नेऊन पूजेच्या वेळी लावता आलं पाहिजे. इचलकरंजीत यंत्रमागाचे पगार झाले की त्या संध्याकाळी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी उठायच्या. पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं गाव ते, तिथं दोन-तीन घरं अशी होती की ख्यालाची नवी एल्पी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, आल्याचं त्यांना पोस्टकार्ड टाकून कळवावं लागे आणि ती मंडळी मग ठरल्याप्रमाणे येत. सांगलीची शाखा खरं तर मिरजेच्या गिऱ्हाइकावर चालली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३४ ते ३६ च्या दरम्यान ओडियन कंपनीनं काढलेल्या त्यांच्या रेकॉर्डी तिथं वर्षानुवर्षं मागितल्या जायच्या, आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं त्या दिवसांत बाहेरगावचे गवई दुकानात येऊन बसायचे. सतारमेकर गल्लीतले तंबोरा बनवणारे कारागीर आमचे सर्वांत कडक परीक्षक होते. रेडिओग्रामचा वेग जरा जरी वाढला तरी त्यांना सूर पेटीवरच्या काळी एककडून पांढरी दोनकडं सरकलेला लगेच कळायचा, आणि ते सांगून टाकायचे. त्यांच्या भीतीनं आम्ही सांगलीच्या शाखेतलं यंत्र सर्वांत नीट ठेवायचो.

गडहिंग्लज आणि निपाणीला दोन भाषांचं गिऱ्हाईक. एकाच घरात आजी कानडी वचनं ऐकणार, पोरगा मराठी लावणी आणि नातू हिंदी. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरचे लोक मार्गशीर्षात मोठ्या संख्येनं जातात, त्या आधी यल्लम्माच्या गाण्यांची मागणी दोन्ही भाषांत व्हायची. मुंबईहून येणाऱ्या यादीत कानडी माल थोडाच असे, तो आम्ही बेळगाव-हुबळीच्या दुकानदारांकडून बदलीत आणायचो. त्यांना लावण्या आणि तमाशातली गाणी हवी असायची, आम्हाला कानडी भक्तिगीतं. या बदलीच्या मालाची नोंद कुठल्याच कंपनीच्या वहीत नाही, त्यामुळं आज कुणी आकडे काढायला बसलं तर सीमाभागातल्या ऐकण्याचा निम्मा इतिहास त्यात दिसणार नाही.

घरगुती गिऱ्हाईक दुकानाची शोभा वाढवायचं, पण साखळी चालवली लाऊडस्पीकरवाल्यांनी. लग्न, बारसं, वास्तुशांत, जत्रा, उरूस, गणपती, निवडणूक, कुस्त्यांचं मैदान, कुठंही भोंगा लागला की त्याच्याखाली रेकॉर्ड फिरत असे. खेड्यात वीज नव्हती तिथं हे लोक बॅटरीवर अँप्लिफायर चालवायचे. प्रत्येकाकडं लाकडी पेटी, तिच्यात शे-दीडशे रेकॉर्डी, आणि कोणत्या वेळी काय लावायचं याचं पक्कं गणित. पहाटे भूपाळी आणि अभंग, हळदीला वेगळी गाणी, अक्षता पडल्या की सनई, वरातीला लावणी. एका लग्नात गाजलेलं गाणं दहा-पंधरा वेळा वाजायचं, रेकॉर्ड हंगामात झिजून खरखरायला लागायची, म्हणून चालणारी रेकॉर्ड ते जोडीनं घ्यायचे. सुलोचना चव्हाणांची लावणी कोणत्या गावात किती चालते हे कंपनीच्या मुंबईतल्या माणसाला कागदावरून कळत असेल, आम्हाला ते लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीतल्या झिजलेल्या रेकॉर्डीवर हात फिरवून कळायचं. सत्तरच्या दशकात पॉलिडोर कंपनीनं ‘शोले’च्या संवादांची एल्पी काढली तेव्हा गाणी सोडून लोक भोंग्यावर संवाद मागायला लागले होते, हॉटेलवाल्यांनीही ती नेली.

हा सगळा व्यवहार उधारीवर होता आणि उधारीचं वेळापत्रक शेतीवर ठरायचं. गुऱ्हाळं सुरू झाली, पुढे साखर कारखान्यांची उसाची बिलं निघाली की गावात पैसा यायचा, लग्नं ठरायची आणि भोंगेवाल्याला सुपाऱ्या मिळायच्या. निपाणीत तंबाखूचा पैसा हाती आल्यावर. म्हणून आम्ही दसऱ्याच्या सुमारास माल द्यायचो, निम्मे पैसे लग्नसराई उरकल्यावर आणि उरलेले गणपतीनंतर घ्यायचो. पावसाळ्यात वसुलीला माणूस पाठवायचा नाही, हा अलिखित नियम होता, कारण त्या दिवसांत त्याच्याकडं द्यायला काहीच नसे आणि मागितलं तर नातं तुटायचं. मुंबई-पुण्याहून येऊन कुणी इथं थेट शाखा काढून चालवली असती तर पहिल्याच आषाढात बुडाली असती, असं माझं मत आहे. शाखेचा माणूस गावातला लागायचा, कारण कोणाच्या शेतात पाणी आहे आणि कोणाचं यंदा अवघड आहे ते त्यालाच माहीत.

रेडिओबद्दल थोडं. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळपास बाहेर काढली आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडं वळले. अमीन सायानींची गीतमाला बुधवारी रात्री लागायची. तिच्यातल्या क्रमांकांना रेकॉर्ड दुकानांतल्या विक्रीचाही आधार असायचा. त्यामुळं गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आत माणसं फळीवर बसलेली असायची. १९५७ ला विविध भारती आली, १९६३ ला सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. रेडिओमुळं रेकॉर्डींचा खप घटला असं काहींनी लिहिलंय. आमच्या भागात तसं दिसलं नाही. रेडिओवर गाणं हवं तेव्हा लागत नाही, आणि एकदा ऐकलं की ते हवंच असतं.

लाखेच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डी आपल्याकडं साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत छापल्या जात होत्या, युरोप-अमेरिकेत त्या बंद झाल्यावरही, कारण खेड्यापाड्यांत चावीचे फोनो होते. मग ४५ फेऱ्यांच्या लहान ईपी आणि ३३⅓ फेऱ्यांच्या एल्पी आल्या. न फुटणारा माल आला म्हणून आम्ही आनंदलो होतो.

आणि मग कॅसेट. फिलिप्सनं ती १९६३ साली काढली होती, पण आमच्याकडं तिचा जोर आला सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आखातातून परतणाऱ्या माणसांच्या हातातल्या टू-इन-वनमधून, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रातून. पाच-सहा वर्षांत घराघरांत टेप आला. धंदा एकदम पसरला. पूर्वी रेकॉर्ड घ्यायची तर आधी फोनो किंवा रेडिओग्राम लागायचा, तो तालेवार घरात. आता शेतमजुरानंही टेप घेतला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांच्या कॅसेटी अशा घरांत गेल्या जिथं दुकानदाराचं पाऊल कधी पडलं नव्हतं, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. ज्यांचं गाणं आजवर भोंग्यावर दुसऱ्याच्या लग्नात ऐकायचं, ते त्यांच्या स्वतःच्या घरात आलं. आमच्या पेढीनं याच काळात लहान लहान बाजारगावांत शाखा काढल्या.

पण साखळीला धरून ठेवणाऱ्या गोष्टी एकेक करून निखळत होत्या. परत न जाणारा माल हे शाखांचं मूळ कारण होतं. कॅसेटचे वितरक दारात यायचे, शंभरावर दहा फुकट द्यायचे, न खपलेला माल बदलून द्यायचे. आता गाव बदलून द्यायची गरजच राहिली नाही. प्रत्येक शाखा स्वतःचा माल स्वतः घ्यायला लागली आणि हळूहळू कोल्हापूरच्या मुख्य दुकानाला विचारेनाशी झाली. वहीत आम्ही एक पेढी होतो, व्यवहारात सुटी दुकानं झालो होतो.

दुसरं, कॅसेट विकायला जाणकार लागेना. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजनं १९८३ नंतर जे केलं ते धंद्याच्या दृष्टीनं फार मोठं होतं. किंमत जुन्या कंपनीच्या निम्म्याच्या आसपास आणली, आणि कॅसेट पानपट्टीवर, किराणा दुकानात, एस.टी. स्टँडवर पोचवली. कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती की मूळ मुद्रणानंतर ठरावीक मुदत गेली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात काढता येतं. तिचा उपयोग करून जुनी गाणी नव्या गायकांच्या आवाजात स्वस्तात आली. गिऱ्हाइकाला गाणं हवं होतं, आणि ते चहा पिता पिता टपरीवर मिळू लागलं. याबद्दल जुने दुकानदार कडवटपणे बोलतात. मी तसं बोलणार नाही. गाणं स्वस्त होऊन लोकांपर्यंत जावं यात वाईट काय आहे? पण टपरीवर जे मिळतं ते विकायला दहा फुटांचं दुकान, भाडं आणि ऐकणारा माणूस कशाला ठेवायचा, या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं, हेही तितकंच खरं.

तिसरं, कोऱ्या कॅसेटवर ‘आवडीची गाणी भरून मिळतील’ ही पाटी. ती जवळपास प्रत्येक दुकानावर लागली, आमच्या काही शाखांवरही होती. लाऊडस्पीकरवाला शंभर रेकॉर्डी घ्यायचा, त्याऐवजी तो गाजलेली वीस गाणी एका साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून न्यायला लागला, आणि लवकरच स्वतःच्याच टेपडेकवर भरायला लागला. १९८४ साली कायदा कडक झाला, प्रत्येक ध्वनिमुद्रणावर काढणाऱ्याचं नाव, पत्ता आणि वर्ष छापणं सक्तीचं झालं. तरी नक्कल थांबली नाही. ज्याच्या उधारीवर पेढीचं वर्ष उभं राहायचं तो भोंगेवाला गिऱ्हाईक म्हणून इथंच संपला. डॉल्बी आणि लॅपटॉप फार नंतर आले.

चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. शाखेतली ऐकणारी माणसं गेली. पूर्वी गिऱ्हाईक चाल गुणगुणायचं, शब्द अर्धवट सांगायचं, आणि आमचा माणूस रेकॉर्डीचा नंबर सांगायचा. ‘त्यात सुरुवातीला बासरी आहे, मग बाई म्हणते’ एवढ्यावर गाणं काढून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना पगार मोठा नव्हता, पण गावात मान होता. कॅसेटच्या काळात त्यांच्या जागी हिशोब लिहिणारी पोरं बसली. माल पाकीटबंद होता, वर चित्र होतं, लावून दाखवायची पद्धत बंद झाली. ऐकायला येऊन बसणारी मंडळी यायची थांबली. मी शाखांचे हिशोब बघायचो तेव्हा विक्रीचा आकडा वर जाताना दिसायचा आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या खात्यांची पानं कोरी राहिलेली दिसायची. मालकांनी आकडा बघितला.

पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसनं वेगळी वाट धरली होती. त्यांनी शास्त्रीय संगीताच्या स्वतःच्या कॅसेटी काढल्या, त्यामुळं त्यांच्याकडं असा माल होता जो टपरीवर मिळणार नव्हता. देवल क्लब, मिरजेचा उरूस, शाहिरांचे फड, जोतिबाच्या डोंगरावरची गाणी, एवढं सगळं आमच्या भोवती होतं. आमच्या पेढीतही स्वतःचं ध्वनिमुद्रण करायचा विषय निघाला होता. भांडवल तोवर नव्या शाखांच्या अनामतीत आणि फर्निचरमध्ये गेलं होतं. अशा दुकानांच्या इतिहासातला निर्णायक क्षण मला विचाराल तर मी हाच सांगेन. पैसा फळ्यांवर घातला गेला, गाण्यात घातला गेला नाही.

पुढचं लवकर सांगून टाकता येईल. नव्वदच्या दशकात देशात रेकॉर्डी छापणं थांबलं. सीडी आमच्या बाजारगावांत रुजलीच नाही, महाग पडायची. एमपीथ्रीच्या एका सीडीवर शे-सव्वाशे गाणी मावायची आणि ती रस्त्यावर मिळायची. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. शाखा एकेक करून मोबाईलच्या, घड्याळांच्या किंवा तयार कपड्यांच्या दुकानांत बदलल्या. हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. एका मोठ्या उद्योगसमूहाची म्युझिक वर्ल्ड ही साखळी १९९७ ला सुरू झाली आणि २०१३ ला आवरली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आणि तिथं तर जाणकार माणसं शेवटपर्यंत होती. त्यामुळं आमची माणसं टिकली असती तर दुकानं आजही असती, असा दावा मी करत नाही. पण त्यांनी मागं काहीतरी ठेवलं असतं. ऱ्हिदम हाउसबद्दल, अलूरकरांबद्दल लोक आजही लिहितात. आपल्याकडच्या शाखांची नावं त्याच गल्लीत राहणाऱ्यांनाही आठवत नाहीत.

तुम्हाला खरंच हा इतिहास लिहायचा असेल तर कसं शोधायचं ते सांगतो. ७८ च्या रेकॉर्डीची खाकी किंवा रंगीत कागदी पाकिटं टाकू नका आणि कुणाला टाकू देऊ नका. त्यांच्यावर अनेकदा दुकानदाराचं नाव, पेठ आणि गाव छापलेलं असतं. एल्पीच्या कव्हरवर मागं कोपऱ्यात रबरी शिक्का असतो. एकाच रेकॉर्डीवर दोन गावांचे शिक्के दिसले तर समजा की तो माल गाव बदलून गेलेला आहे, आणि तीच साखळीची खरी खूण. रेकॉर्डीच्या मध्यभागी लेबलाभोवती कोरलेला क्रमांक लिहून घ्या, त्यावरून मुद्रणाचा काळ लावता येतो. लेबलवरचं नाव बघून काळ ठरवायला जाऊ नका, कारण गाजलेल्या रेकॉर्डी कंपन्या पुन्हा पुन्हा छापत.

लक्ष्मीपुरी, शाहूपुरीत पंचगंगेच्या पुरानं २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये बरीच गोदामं भिजली. भिजलेला जुना माल लोक सरसकट रद्दीत देतात. त्याची घाई नको. चिखल लागलेली लाखेची रेकॉर्ड साध्या कोमट पाण्यानं, थेंबभर सौम्य साबण घेऊन, लेबल न भिजवता पुसता येते. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख त्यात विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. हीच चूक आजकाल सर्वांत जास्त होते, कारण एल्पी साफ करायचे जे उपाय सांगितले जातात ते लोक ७८ वर वापरतात. ७८ ची सुईही जाड लागते, एल्पीची सुई तिच्या रेषेत तळाला घासत राहते आणि दोघांचंही नुकसान करते. ठेवायच्या त्या उभ्या, घट्ट न दाबता, उन्हापासून लांब.

आणि लाऊडस्पीकरवाल्यांच्या घरी जा. दुकानदारांच्या वह्या बहुतेक गेल्या, पण भोंगेवाल्यांच्या लाकडी पेट्या माळ्यावर अजून आहेत, कागल, गारगोटी, राधानगरीकडं तर नक्की मिळतील. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या याद्या असतात, कोणत्या रेकॉर्डीचा कोणता नंबर, कोणत्या गावाची सुपारी, आणि कधी कधी कोणत्या शाखेकडून किती उधार. पेटी विकत मागू नका, फक्त झाकणाचा फोटो मागा. देतात.